चुलीपाशी ठेवलेली डबी

चंद्रभानजी आर्वीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. संत्र्याच्या झाडाच्या सालीखाली हिवाळाभर निजलेले कोळी ते एका केसाच्या कुंचल्याने उचलत. झाडावरची कीडच ती; राईहूनही लहान, शेंदरी ठिपके. थंडीत ते खात नाहीत, हलत नाहीत. अंगातली प्रथिनं तेवढी बदलतात. पीएचडीसाठी तिथे काम करणाऱ्या सुलोचना मॅडम त्यांचा अर्क जेलवर चालवून प्रथिनं वेगळी करत, तेव्हा उन्हाळ्यात कधी न दिसणारा एक निळा पट्टा उमटे. त्या पट्ट्यावरच मॅडमचा प्रबंध उभा होता.

१९८३च्या जानेवारीअखेर शेवटचा नमुना हवा होता. शनिवारी दिवसभर बागेत बसून चंद्रभानजींनी दोनशे कोळी डबीत भरले. एसटी उशिरा आली, कॉलेजला कुलूप. "डबी थंडीतच ठेवजा," असं मॅडमनी बजावलं होतं.

पण त्या संध्याकाळी वारा झोंबत होता. बायको, धुरपताबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती. थंडीतून आलेल्याला आधी चुलीपाशी बसवायचं, ही तिची रीत. तिच्यामागे तिथे दुसरं कोणी बसलंच नव्हतं. चंद्रभानजींनी डबी चुलीशेजारी ठेवली.

"बसा," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले. रविवारीही डबी तिथेच राहिली.

सोमवारी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. कोळी पळत होते.

"काकाजी, हे जागे कसे झाले?"

एसटीतल्या गर्दीच्या उबेवर ढकलता आलं असतं.

"चुलीपाशी ठेवलते मी."

"काऊन पण?"

"लय थंडी होती. मले वाटलं, मरतीन."

"थंडीत तगायलाच तर निजतात ते, काकाजी."

तरीही त्यांनी जेल चालवली. पट्टा जेमतेम दिसत होता. चंद्रभानजी पुन्हा बागेत गेले, तर तिथल्या उन्हानेही कोळी उठवले होते. प्रबंध वर्षभर लांबला.

"आता अजून एक हिवाळा तुमच्या हातचा काढ्यासारखा चहा," मॅडम म्हणाल्या. चंद्रभानजींना आनंद झाला, आणि लगेच त्याची लाज वाटली.

पुढच्या डिसेंबरात भरलेली डबी त्यांनी अंगणातल्या तुळशीच्या ओट्यावर ठेवली. आत जाऊन काड्यापेटी हातात घेतली, परत ठेवली. मग घोंगडी आणली आणि त्या संध्याकाळी डबीशेजारी बाहेरच बसले. चूल पेटलीच नाही.