कुलपाला तेल घालणारा दलाल

इतका निगुतीचा लबाड मी दुसरा पाहिला नाही. बँकेनं जप्त केलेल्या घराची किल्ली त्याच्याकडे असे. गिरणीतल्या माझ्या मित्राला ते घर घ्यायचं होतं. चाळीतल्या एका खोलीत त्याची सात माणसं राहत होती. आम्ही दर आठवड्याला जायचो. हा दलाल कुलपात तेलाचे दोन थेंब सोडायचा, फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "कागदं वर गेल्यात, मालक. घर काय पळून जातंय व्हय?" कुलूप मात्र कधी उघडलं नाही.

सहाव्या महिन्यात चिडून मी मागच्या बोळात शिरलो. मागचं दार उघडं होतं. आत चुलीपाशी घराचा जुना मालक बसला होता. बँकेनं त्याला बाहेर काढलं, तेव्हा निषेधाचं पत्रक मीच लिहिलं होतं.

"दलालाला भाडं देतो," तो हात जोडून म्हणाला. "घर विकू देऊ नका की. पोरंबाळं घेऊन कुटं जाऊ?"

पुढच्या दाराशी परत येऊन मी दलालाची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "लिवा की पत्रक. दोघांतल्या कुणाला बाहेर ठेवायचं, तेवढं लिवा."

मित्र माझ्याकडे बघत राहिला. मी हात सोडला. दलालानं सदरा सारखा केला आणि कुलूप पुन्हा पुसलं.