टेबलानं पास केलेली बटणं

…तर मास्तरांनी बटण उचललं, कापडाच्या तुकड्यावर ठेवलं आणि विचारलं, "जुळलं?" काल इथवर आलो होतो आणि नेमकी तुम्हाला जांभई आली, म्हणून थांबलो. आज तोंडबिंड धुऊन बसला आहात, तेव्हा पुढचं सांगतो. पण जांभईत किती ऐकलंत आणि किती गिळलंत ते मला ठाऊक नाही. जरा मागूनच धरतो.

गोष्ट माझ्या मेहुणीची, म्हणजे आमच्या हिच्या पाठच्या बहिणीची. ती बटणांच्या कारखान्यात रंगखोलीत कामाला होती. शिंपी लोक कापडाचा तुकडा पाठवायचे आणि यांनी त्याच रंगाची बटणं करून द्यायची. कढईत रंग उकळायचा, पांढरी बटणं त्यात सोडायची, उपसायची, वाळवायची. मग तो घाणा खिडकीखालच्या लांब टेबलावर यायचा. रंगखोलीतले सगळे भोवती उभे राहायचे आणि तिथले मुख्य, मास्तर, विचारायचे, "जुळलं?" सगळ्यांनी "जुळलं" म्हटलं की बटणं पोत्यात आणि पोतं दारात. एखादा जरी "नाही" म्हणाला तरी घाणा पुन्हा कढईत.

आता ही मेहुणी लहानपणी कशी होती, तर घरात तिला नाहीबाई म्हणायचे. सासूबाई हाक मारायच्या, "ऊठ गं, उजाडलं." ही पांघरुणातून म्हणायची, "नाही, अजून तांबडं आहे." दोन शेजारणींनी एकाच ताग्यातलं कापड घेतलं म्हणून मिरवलं, तर हिनं दोन्ही पदर धरून सांगितलं की एकाचा ताणा वेगळा आहे. त्या दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. मला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तिची ताई म्हणाली, "हे बघ, तुझे भावोजी. गोरे आहेत की नाही?" मेहुणीनं मला उजेडात वळवलं, नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाही." लग्न ठरलेलं होतं म्हणून निभावलं.

अशी ही बाई कारखान्यात लागली. सुरुवातीच्याच दिवसांत एका राखाडी घाण्याला सगळे "जुळलं" म्हणाले आणि ही म्हणाली, "नाही, यात निळं जास्त झालंय." मास्तर नुसतं "बरं" म्हणाले आणि बटणं पुन्हा कढईत गेली. सगळ्यांना उशिरापर्यंत थांबावं लागलं. कुणी भांडलं नाही हो. भांडले असते तर हिला आवडलंच असतं. दुसऱ्या दिवशी ही डबा घेऊन गेली तेव्हा सतरंजीवर जागाच नव्हती. भोकं पाडायच्या मशीनवरची मावशी म्हणाली, "तुम्ही खिडकीशी बसा. तुमची नजर लांबची आहे, आमचे डबे तुम्हाला कुठे दिसायचे?" सगळे हसले. ही आठवडाभर खिडकीशी एकटी जेवली. पुढच्या घाण्याला मास्तरांनी विचारलं, "जुळलं?" आणि ही म्हणाली, "जुळलं." त्या दुपारी मावशीनं सतरंजीवर सरकून जागा दिली आणि आपल्या डब्याचं झाकण भरून हिच्यापुढे ठेवलं.

मला विचाराल तर त्यात वावगं काही नव्हतं. माणसाला जेवताना माणूस लागतं. आणि ते टेबल होतंच गमतीचं. मावशीच्या नकला, पॅकिंगवाल्या अण्णांची बेसूर गाणी, मास्तरांचं लटकं रागावणं. मेहुणीचा तिथे जीव रमला. घरी आली की तेच तिच्या तोंडी. बदल आम्हाला हळूहळू कळला. आमची ही विचारायची, "चहा कसा झालाय?" तर मेहुणी आधी माझ्याकडे बघायची, मी काय तोंड करतो ते. "तुम्हाला कसा वाटला, भावोजी?" मी म्हणायचो, "फिक्का." मग ती म्हणायची, "फिक्काच आहे." नाहीबाई फिक्का म्हणते तेही माझ्या तोंडाकडे बघून. आमच्या हिला काळजी वाटायला लागली. मला सोय वाटायची, पण ते असो.

एके दिवशी मेहुणी तिच्या ताईसाठी स्वतः विणलेला स्वेटर घेऊन आली. मरून रंगाचा. बटणंही मरून, कारखान्यातल्याच घाण्यातली. त्याच रंगाचं एक मोठं काम तेव्हा कारखान्यात आलं होतं, अग्निशामक दलाच्या बँडच्या कोटांसाठी. आमच्या हिनं स्वेटर चढवला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वीण सुरेख गं. पण वरची तीन बटणं आणि खालची तीन बटणं वेगळी आहेत."

"कुठे वेगळी?" मेहुणी म्हणाली. "एकच रंग आहे."

"वरची वांगी रंगाची आहेत."

"ताई, चष्मा पूस. टेबलानं पास केलीत ती."

"टेबलाला डोळे आहेत का?"

"सगळ्यांनी बघितलीत. मास्तरांनी, अण्णांनी, मावशीनं. सगळे वेडे आणि तू एकटी शहाणी?"

"हे वाक्य आपली आई तुला म्हणायची," आमची ही म्हणाली. "तू नव्हतीस कधी म्हणत."

मग दोघी माझ्याकडे वळल्या. एकीकडे बायको, दुसरीकडे मेहुणी. अशा वेळी शहाण्या माणसाला तहान लागते. मी पाणी प्यायला गेलो. पण स्वयंपाकघराच्या दारातून सगळं दिसत होतं.

मेहुणीनं वरचं एक आणि खालचं एक बटण कापून तळव्यावर घेतलं. खिडकीशी गेली. बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "ताई," ती म्हणाली, "शपथेवर सांगते, मला एकच रंग दिसतोय." ती खोटं बोलत नव्हती. हौसेनं किंवा हट्टानंही बोलत नव्हती. पहिल्यांदा तिची जीभ "जुळलं" म्हणायला शिकली तेव्हा डोळे कुरकुरत होते. मग डोळ्यांनीही कुरकुर सोडली आणि ती कधी सोडली हे तिलाही कळलं नाही.

आमची ही फार शिकलेली नाही, पण बहिणीला ओळखून आहे. तिनं वाद घातला नाही. उरलेली चार बटणंही कापली, सहाही वाटीत टाकली, वाटी हलवली आणि बहिणीपुढे ठेवली. म्हणाली, "जुळली की नाही ते राहू दे. मी भाजी निवडते, तोवर तू यांचे दोन ढीग कर."

"कसले ढीग?"

"तुला वाटतील तसले. मी बघत पण नाही." आणि खरंच पाठ करून बसली.

मेहुणीनं वाटीत बोटं घातली. भाजी निवडताना पोरीबाळी करतात तसं, गप्पा मारत, अर्धं लक्ष देऊन. एक इकडे, एक तिकडे. मग थांबली. समोर तीन वांगी बटणं एकीकडे आणि तीन मरून बटणं दुसरीकडे होती. तिच्या बोटांना कुणी "जुळलं?" असं विचारलंच नव्हतं ना. ती त्या ढिगांकडे असं बघत होती जसं कुणी दुसऱ्यानंच ते केलेत.

"ताई," ती म्हणाली, "बँडचा घाणा उद्या टेबलावर येणार आहे. तोही असाच आहे, दोन कढयांचा मिसळलेला."

"मग?"

"मग काय. मला सतरंजीवरून उठवतील पुन्हा."

आमची ही पाठमोरीच म्हणाली, "इथे ये जेवायला. आमची सतरंजी मोठी आहे."

"रोज दुपारी इतक्या लांब?" मेहुणी म्हणाली आणि हसली, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तिचं दुःख मला कळत होतं. त्या टेबलाशिवाय तिचा दिवस जायचा नाही, आणि आता त्या टेबलाशी खोटं बोलून तो जाणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते तिनं संध्याकाळी येऊन सांगितलं, उभ्यानंच, पिशवी खांद्यावरून न काढता. घाणा टेबलावर आला. मास्तरांनी मरून कापडाचा तुकडा पसरला, वर बटण ठेवलं, शेजारी दुसरं ठेवलं. "जुळलं?" अण्णा नेहमीसारखे पहिले: "जुळलं." मावशी: "जुळलं." मग कढईवरचा, वाळवणीवरची, सगळे. मेहुणी शेवटी. ती म्हणाली, "नाही."

मावशी हळूच म्हणाली, "आली का लांबची नजर परत?" पण मास्तरांनी हात वर केला. "कुठलं नाही?" मेहुणीनं बोट ठेवलं, "हे. यात वांगी झाक आहे." मास्तर बटणावर वाकले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खाली बसले.

"म्हणजे तुलाही दिसते ती झाक?" ते म्हणाले.

"तुम्हाला दिसते?"

"मला कायम दिसते. पण मी विचारलं की तुम्ही सगळे एका सुरात 'जुळलं' म्हणता. मला वाटलं माझेच डोळे गेले. दोन चष्मे बदलून झाले माझे. डोळ्यांचा डॉक्टर आता मला बघून दार लावतो."

अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, मला वाटायचं, तुम्ही टेबलावर आणलंय म्हणजे तुम्ही पास केलेलंच असणार. विचारता ते आपलं मानपानापुरतं. म्हणून मी 'जुळलं' म्हणायचो."

मावशी म्हणाली, "आणि अण्णा म्हणतात म्हणून मी."

"आणि मावशीच्या शेजारी जेवायचं असतं म्हणून आम्ही," वाळवणीवरची म्हणाली.

मग जे हसू फुटलं ते म्हणे बाहेरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं. कुणालाच जुळलेलं वाटत नव्हतं आणि सगळ्यांनी मिळून जुळवलं होतं. बँडची बटणं पुन्हा कढईत गेली. उशीर झाला, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. मावशीनं सगळ्यांसाठी चहा मागवला.

इथे तुम्हाला वाटेल की संपलं. छे. खरी गंमत पुढेच आहे. मेहुणीचा असा काही बोलबाला झाला की पुढच्या आठवड्यापासून टेबलावरचा सूरच फिरला. मास्तर विचारायचे, "जुळलं?" अण्णा डोळे बारीक करून म्हणायचे, "नाही." मावशी म्हणायची, "नाही, जरा पिवळट मारतंय." वाळवणीवरची म्हणायची, "नाही." पूर्वी नजर असलेल्याला खिडकीशी बसवायचे, आता प्रत्येकाला नजर फुटली. साधं काळं बटण काळ्या कापडावर ठेवलं तरी त्यात कुणाला तरी निळं दिसायचं. एकही घाणा पुढे जाईना. शिंपी दारात येऊन उभे. मास्तर डोकं धरून बसले. आणि मेहुणी? मेहुणी शेवटी उभी असायची, सगळ्यांचं "नाही" ऐकून झाल्यावर. तीही "नाही" म्हणायला लागली. सगळे तिचंच तर बोलत होते.

मग एका फिकट हिरव्या घाण्याला ती एकदम म्हणाली, "मास्तर, थांबा जरा," आणि एक बटण आणि कापडाचा तुकडा घेऊन बाहेर गेली. परत आली आणि म्हणाली, "जुळलंय हे. पाठवा." मावशी तर दुखावलीच. "अगं, आम्ही तुझ्यासारखं बघायला शिकलो आणि तू उलटलीस?" पण मास्तरांनी आपला जुनाच चष्मा लावून पाहिलं, मान डोलावली आणि पोतं दारात गेलं.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला विचारलं, "काय गं, बँडच्या घाण्याच्या दिवशी सगळे 'हो' म्हणत होते आणि तू एकटी 'नाही' म्हणालीस, ते मला समजतं. पण आज सगळे तुझ्याच बाजूनं होते. तरी बटण घेऊन पळालीस कशाला?"

ती म्हणाली, "त्या दिवशी मला मावशीची भीती वाटली होती, भावोजी. आज माझी वाटली. सगळे माझ्याच आवाजात बोलत होते, आणि त्यात माझा आवाज कुठला ते मलाच सापडेना. म्हणून जिन्यात जाऊन बघितलं. तिथे कुणी नव्हतं."