दिगूला पाठवलेले हसरे चेहरे

दिगू गेल्याची बातमी घरच्या ग्रुपवर आली आणि मी तिच्याखाली हसून लोळणारा चेहरा टाकला. दिगूचं नाव दिसलं की माझा अंगठा आपोआप तिथंच जायचा... काकांनी फोन करून माझी बिनपाण्यानं केली. आदल्या दिवशीची चूक मात्र त्यांना ठाऊक नव्हती.

दिगू माझा मावसभाऊ. लग्न केलं नाही; मालवणात बसून वीस वर्षं पेपरात फोन, प्रिंटर आणि राउटरवर विनोदी सदर लिहिलं. ‘आमच्याकडचं नेटवर्क बाजारातल्या बांगड्यासारखं, सकाळी ताजं, दुपारी नुसता वास,’ हे त्याचंच. सदरातला प्रिंटरला अगरबत्ती ओवाळणारा बाबल्या म्हणजे मी. (ओवाळली होती, नाकारत नाही.) पुढे मासळीवाल्याही मला बाबल्याच म्हणू लागल्या. एकदा चिडून विचारलं, “माझीच चेष्टा कित्याक रे?”

“तू हसलस तर सगळो जिल्हो हसता. तुझ्यापेक्षा मठ्ठ वाचक माका खंय गावतलो?”

रीतच होती तशी. दर बुधवारी सदर देण्याआधी तो एकेक वाक्य मला फोनवर पाठवी. हसरा चेहरा गेला तर वाक्य राही, नाहीतर छाटलं जाई. नंतर नंतर मी न वाचताच चेहरे पाठवू लागलो. त्याला बरं वाटे, माझं काय जातंय?

त्या बुधवारी दुपारी वाक्य आलं, ‘छातीवर कोणीतरी ट्रक लावून गेलाय, हॉर्न वाजवला तरी हलत नाही.’ मी सुरमईचा काटा काढत होतो. डाव्या हाताने चेहरा पाठवला. पाच मिनिटांनी पुन्हा, ‘बाबल्या, ह्यां सदरातला नाय.’ सदराची वाक्यं तो शुद्ध मराठीत लिही, मालवणी फक्त घरच्यांशी. एवढं तरी कळायला हवं होतं... मला वाटलं, बाबल्याची नवी फजिती. आणखी एक चेहरा पाठवला आणि भात वाढून घेतला. त्याचं घर रिक्षाने पाच मिनिटांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याला तो लिहिण्याच्या खुर्चीतच सापडला, फोन हातात.

बाराव्यानंतर मी माझ्या फोनवरचं सगळं बायकोला दाखवलं. म्हटलं, “निदान माझे चेहरे तेणां बघूक नसतले...”

निळी खूण म्हणजे समोरच्याने वाचलं, हे दिगूनेच सदरात समजावलं होतं, बाबल्याला कळेल अशा भाषेत. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला.

“निळी आसा,” ती म्हणाली. “दोनय चेहऱ्यांखाली.”