व्हिगरसचा अर्थ मला येत होता

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनासुद्धा कधी सांगितलं नाही. ईशान, परवा तू फोनवर विचारलंस, ‘आज्जी, व्हिगरसला मराठीत काय म्हणायचं?’ — आणि आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. आवाज येत होता.

जोमदार, जोरकस. व्यायाम व्हिगरस असतो, विरोध असतो, रोपाची वाढही असते. नुसती अंगात ताकद असून भागत नाही; ती सगळी कामाला लावलेली हवी. लातूरच्या माझ्या क्लासमध्ये किती मुलांना हे शिकवलं! फळ्यावर ओळीनं उदाहरणं लिहायची मी. एक उदाहरण मात्र कधी लिहिलं नाही.

आमच्या शेजारी झुबेदाभाभी राहायच्या, घरीच शिवणकाम करायच्या. भूकंप झाला तेव्हा त्यांची लहानगी नसीम आजोळी, औशाकडच्या खेड्यात होती. भिंत पडून तिचा पाय गुडघ्यापाशी मोडला. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. मदतीला आलेले डॉक्टर दक्षिणेकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं, बोलणं सगळं इंग्रजीत. म्हणून भाभींनी मला सोबत नेलं. रिक्षात म्हणाल्या, "बाई, माझ्याच्यानं हिला रडवणं होणार न्हाई. कसरत सांगितली तर तुम्हीच करून घ्या. तुम्हाला लई भिते ती."

मी हो म्हटलं. हो म्हटलं होतं — हे ध्यानात ठेवा.

डॉक्टरांनी पाय धरून, गुडघा वाकवून दाखवला. सकाळ-संध्याकाळ व्हिगरस व्यायाम, ते म्हणाले. रडली तरी थांबायचं नाही, नाहीतर गुडघा असाच आखडून राहील.

"काय म्हणून राहिले, बाई?"

सकाळ-संध्याकाळ. माझ्या बॅचच्या वेळा त्याच. लातुरात क्लासचं वारं नुकतंच सुटलं होतं, पुढच्या खोलीत नवे बाक आले होते, पार लोह्याकडून पालक विचारायला येत होते. मग — काय सांगितलं असेन मी?

"सोसेल तेवढंच हलवा म्हणतात."

भाभींचा जीव भांड्यात पडला. "मग मीच करीन की! तुम्हाला कशाला तरास?"

शब्द अडला नव्हता. घाईत चूकही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगता आलं असतं — आमच्या दोन घरांत एक भिंतच तर होती. त्या भिंतीपलीकडून नसीमचं हसणं ऐकू यायचं. रडणं कधीच आलं नाही. ते हसणं ऐकत मी शिकवत राहिले. डॉक्टर परत गेले. गुडघा आखडला तो कायमचा.

पुढे ती माझ्याच क्लासला आली. दाराजवळच्या बाकावर बसायची, कारण तो पाय सरळ पसरावा लागे. एकदा मी या शब्दाचं वाक्य विचारलं, तर बाक धरून ती उठली आणि म्हणाली, "अवर बाई इज अ व्हिगरस टीचर."

"आगं, बाई हायत का पैलवान?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, नसीमही.

‘व्हेरी गुड,’ मी म्हटलं. तिला खाली बसायला वेळ लागला. तेवढा वेळ मी पाठ करून फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

नसीमला हे आजही ठाऊक नाही.