चहात उतरलेली स्प्रिंग

नाशिकच्या शूटिंग रेंजवर बंदुका साफ करायच्या कामाला लागून मला तीनच दिवस झाले होते. शाळा आठवीत सुटलेली, गाव पार चंद्रपूरकडं. हीही नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवणार? शिकवायला सातपूरहून झुपकेदार मिशांचे एक मिस्त्री आले. नाव विचारायचं राहूनच गेलं. बंदूक रिकामी असल्याचं दोनदा बघून ते म्हणाले, "स्प्रिंगवर अंगठा दाबून धर." घामानं अंगठा सटकला आणि स्प्रिंग उडाली ती थेट त्यांच्या चहात! मिशा ठिबकू लागल्या. मी गारच पडलो.

त्यांनी स्प्रिंग उचलून हुंगली. "माझी पहिली तर साहेबांच्या टकलावर बसली होती, राजा. तू चहावरच भागवलंस! पूस आता. तेल थेंबभरच हां."

हसून हसून दोघांचंही पोट दुखलं.

ते पुन्हा आले नाहीत. नोकरी मात्र टिकली. आजही स्प्रिंग काढण्याआधी मी चहावर बशी झाकतो.