शेजार सांगणारे मामा

मामांना पत्ता विचारला की दुपार गेलीच म्हणून समजा. शिरूरला भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. कुणी विचारलं, "बँक कुठंय हो?" तर मामा बँकेबद्दल चकार शब्द काढत नसत. "चपलांचं दुकान दिसतंय? त्याला लागून रसवंती. तिच्या पलीकडं औषधाचं दुकान हाय. त्या दोघांच्या मधी बघा." विचारणारा रसवंतीतच बसून राहिला, तरी मामांना वाईट वाटायचं नाही. निदान शेजारी तरी पोचला, म्हणायचे.

ऑफिसात ते वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा. मूळचे दौंडचे, शिरूरला खोली घेऊन राहायचे. आम्ही दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर करायचो. गावोगावी नेटचा भरवसा नाही, म्हणून केलेला बदल पॅचच्या रूपात पेन ड्राइव्हवर न्यायचा. पॅच म्हणजे एक चिटुकली फाइल. कुठली ओळ काढायची, कुठली घालायची, एवढंच तिच्यात असतं. सोबतीला वरच्या-खालच्या दोन-तीन ओळी. नवी असताना मी तोऱ्यात विचारलं होतं, "ओळीचा नंबर असतोच की मामा. मग ह्या जास्तीच्या ओळी कशाला?"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "नंबरचं काय घेऊन बसलीस? वर एक ओळ वाढली की नंबर बदलला. पॅच शेजार बघून बसतो, पोरी."

त्यांचा दुसरा हट्ट चेकचा. पॅच बसवणारी 'गिट अप्लाय' ही कमांड ते आधी 'चेक' जोडून चालवायचे. त्यानं फाइलला धक्का लागत नाही. पॅच बसेल की नाही, एवढंच कळतं. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की लग्नाला निघण्याआधी ते फोन करून लग्न आजच आहे ना, हे विचारून घ्यायचे. आम्ही पोट धरून हसायचो. एकदा लग्न खरोखरच आदल्या दिवशी उरकलेलं निघालं, तेव्हा आमचं हसणं बंद झालं.

मी मांडवगण फराट्याची, आणि तेव्हा ट्रायलवर होते. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगून टाकलं होतं, "दिवाळीपतोर पर्मनंट झालीस तर कर नोकरी. न्हाईतर पाव्हणे बोलावतो." मला पाहुण्यांपुढे पोह्यांचा ट्रे घेऊन जायचं नव्हतं. केंद्राच्या पडद्यावर सभासदांची नावं इंग्रजीत यायची, ती मराठीत दाखवायचं काम मी केलं होतं. पहिलं केंद्र आमच्याच गावचं. हे नीट झालं की तुझं बघू, असं पुण्याचे साहेब म्हणाले होते.

संध्याकाळचं दूध यायच्या आधी आम्ही केंद्रावर पोचलो. मी चेक चालवलं आणि पडद्यावर उत्तर आलं, पॅच बसत नाही. साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "आपली अख्खी फाइल कॉपी करून टाका, विषय संपवा."

"थांब," मामा म्हणाले. "हितला शेजार कुणी हलवलाय, ते तर बघू."

फाइल उघडली. नेमक्या त्याच ओळींत कुणीतरी अक्षरांचा आकार वाढवला होता. केंद्रावरचा ऑपरेटर चाचरत म्हणाला, "म्हाताऱ्या मान्सांना दिसंना, सर. म्हणून मीच केलं."

मामा रागावतील असं वाटलं होतं. पण ते खूश झाले. "लई झ्याक केलंस. आम्हाला सांगायचं तेवढं ऱ्हायलं." आमची फाइल वरून कॉपी केली असती तर अक्षरं पुन्हा बारीक झाली असती. मामा माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसले, पण कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही. "ही ओळ त्याची, ती ऱ्हाऊ दे. तुझी हिच्या खाली बसव." मी पॅच दुरुस्त करून पुन्हा चेक चालवलं. गिट गप्प राहिलं. ते गप्प राहिलं की समजायचं, बसतोय. मग चेक काढून तीच कमांड चालवली आणि पॅच बसवला.

तोवर आई किटली घेऊन आली होती. तिचं दूध काट्यावर गेलं आणि पडद्यावर ठसठशीत मराठीत तिचं नाव उमटलं. ती एकेक अक्षर लावत वाचत गेली आणि ओरडली, "अगं बया, ही मीच हाय की!" मला रडू आवरेना.

त्याच महिनाअखेरीस मामा रिटायर झाले. माझा निकाल अजून लागायचा होता. निघताना म्हणाले, "लागला की दौंडला ये. विहाराच्या मागच्या गल्लीत इस्त्रीवाला, त्याच्या पुढं सायकलचं दुकान. त्यांच्या मधी मी."

दिवाळीच्या तोंडावर मी पर्मनंट झाले. आईनं मामांसाठी डबाभर खरवस दिला. येतेय एवढंच कळवून मी दौंड गाठलं. विहार सापडला, पण मागं गल्ल्या बऱ्याच, सायकलची दुकानंही दोन-तीन, आणि इस्त्रीवाला काही दिसेना. हट्टानं फोन न करता मी हिंडत राहिले. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी, चष्मा कपाळावर चढवून, मामाच उन्हात उभे.

"इस्त्रीवाला दुकान बंद करून गेला," ते म्हणाले. "तुला पत्ता लागायचा न्हाई म्हणलं, म्हणून म्या भायेर हुबा ऱ्हायलो."

"मामा, पर्मनंट झाले!"

मामांचे डोळे भरून आले. तोंडानं मात्र "डब्यात काय हाय?" म्हणत त्यांनी झाकण उघडून वास घेतला. इथंही आधी चेक.

सायकलच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "मामा, ही कोन म्हनायची?"

मामांनी माझं नाव सांगितलंच नाही. "ही व्हय? हिच्या एका अंगाला हिची आई," ते म्हणाले, "आन् दुसऱ्या अंगाला मी."