रुईच्या बोऱ्यातला दादा

ताज्या रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा, वास आला की मी, वलगावचा म्हातारा पाटील, अजून वाट बदलतो.

त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला होता. आमच्या अंगणात माझा थोरला भाऊ, गावचा पाटील, टांगलेल्या बोऱ्यात उतरून रुई तुडवत होता. मी वरून टोपल्या ओतत होतो. सकाळीच गावच्या जोश्यानं पत्रिका पाहून दोघांसमोर मला सांगितलं होतं, "पाटीलकी तुलेच भेटन."

रुई दादाच्या गळ्यापर्यंत आली, हात आत अडकले. मी ओततच राहिलो.

"थांब रे! पाटीलकी पायजे ना? घे, तुलेच देऊन राहिलो!" दादा खालून ओरडला.

मी वरून उडी घेतली आणि खालची धडपड थांबेपर्यंत तुडवत राहिलो.

गाव म्हणालं, नशीब. मीही तेच म्हणत आलो. पण जोश्यानं फक्त पाटीलकी सांगितली होती, आणि ती तर दादा देतच होता.